डोक्याचे ऑपरेशन, पायाची सूज

गेल्या पावसाळ्यात दहिवलीतील एक गृहस्थ मुंबईला मेंदूतील गाठीची शस्त्रक्रिया करून घरी आले. पंधरा दिवसांत उजवी पोटरी सुजली. घरच्यांनी ती रोज कोमट तेलाने चोळली. मला बोलावले ते अंग कोमट लागते म्हणून! पाय पाहताच मी चोळणे थांबवले.

डोक्याच्या ऑपरेशनाने पाय कसा सुजतो? मेंदूच्या काही गाठींमुळे रक्त लवकर गोठते. त्यात लांबलेली शस्त्रक्रिया, नंतरचे अंथरूण, कधी लुळा पडलेला पाय. रक्त संथ होऊन पोटरीच्या खोल शिरेत गुठळी धरते. ती सुटून फुफ्फुसात अडकते, हे जर्मनीच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी १८४६ मध्येच मांडले होते. मग एकाएकी धाप, छातीत कळ, प्रसंगी मृत्यू. चोळण्याने हा धोका वाढतो.

एकच पाय सुजला, दुखला, गरम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून डॉप्लर सोनोग्राफी करावी. उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा; पण डोक्यातील जखम ताजी असताना त्यानेच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मात्रा सर्जनला विचारूनच. शेजाऱ्याने सांगितलेली अ‍ॅस्पिरिन नको. डोके अचानक ठणकून उलट्या, गुंगी, हातापायांत कमजोरी आली, किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

आमच्या गृहस्थांची गुठळी मांडीपर्यंत चढली होती. “विश्रांती सांगितली होती, म्हणून पाय हलवलाच नाही,” असे त्यांच्या पत्नी म्हणाल्या. सर्जनच्या सल्ल्याने इंजेक्शने सुरू झाली. आता ते काठी टेकत दवाखान्यापर्यंत चालत येतात.