प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काय मुरते?

कीटकनाशकाचा रिकामा कॅन साबण-सोड्याने घासून, उन्हात वाळवून तो पिण्याच्या पाण्यासाठी किंवा गोडेतेलासाठी वापरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडते. वास गेला म्हणजे कॅन शुद्ध झाला, अशी समजूत असते. ती चुकीची व घातक आहे. असे का, हे कळण्यासाठी पॉलिथीनची घडण थोडी पाहावयास हवी.

पॉलिथीन म्हणजे कार्बन व हायड्रोजन यांच्या अतिशय लांब साखळ्या होत. वितळलेले पॉलिथीन निवताना या साखळ्यांचे काही भाग घड्या पडून शिस्तीने रचले जातात. उरलेले भाग सुताच्या गुंत्यासारखे अस्ताव्यस्त राहतात. रचलेल्या भागास स्फटिकमय व गुंत्यास अस्फटिक म्हणतात. रचलेल्या भागात परका रेणू सहसा शिरू शकत नाही. जे मुरते ते गुंत्यात. कडब्याच्या नीट रचलेल्या गंजीत पाऊस शिरत नाही, विस्कटलेल्या ढिगात शिरतो, तसाच हा प्रकार. कॅनच्या जाड पॉलिथीनमध्ये रचलेला भाग शेकडा ६० ते ८० असतो. पातळ पिशवीत तो निम्म्याच्या आसपास.

परंतु ही उपमा फार ताणू नये. पाणी पॉलिथीनच्या गुंत्यातही जवळजवळ शिरत नाही. शंभर किलो पॉलिथीन दिवसभर पाण्यात बुडविले तरी ते दहा ग्रॅमही पाणी घेत नाही. कारण रेणूंनाही आपपरभाव असतो. पॉलिथीनच्या साखळ्या जातीने तेलकट. त्यांना डिझेल, झायलीन यांसारखे द्रव मानवतात, पाणी मानवत नाही. कापसाचे उलट आहे. त्याच्या तंतूंतही रचलेले व गुंत्याचे असे दोन्ही भाग असतात, पण ते पाण्याला जवळ करतात. म्हणून साधारण दमट हवेत सुकी रुई आपल्या वजनाच्या शेकडा ८ भाग ओलावा ओढून घेते.

आता कॅनकडे वळू. ई.सी. प्रकारच्या पुष्कळ औषधांत कीटकनाशक खनिज तेलापासून काढलेल्या द्रावकात विरघळविलेले असते. औषध कॅनमध्ये महिनोन्महिने राहिले की द्रावक भिंतीच्या गुंत्यात शिरतो व आपल्याबरोबर विषाचा काही अंश नेतो. धुण्याचे पाणी तेथवर पोहोचतच नाही. ते केवळ पृष्ठभाग स्वच्छ करते. मुरलेला अंश पुढे हळूहळू बाहेर येतो, उन्हाने तापल्यास अधिक लवकर, आणि तेल, तूप, दूध यांत पाण्यापेक्षा पुष्कळच जास्त. पुष्कळशा विषांना वास अगदी थोडा असतो, त्यामुळे नाकावर विसंबणे व्यर्थ होय.

यास्तव फवारणीच्या वेळीच कॅन तीनदा विसळावा व ते पाणी पंपाच्या टाकीत ओतावे, म्हणजे औषधही वाया जात नाही. नंतर कॅनच्या बुडास भोके पाडावीत. रिकाम्या वेष्टनांचा पुनर्वापर होऊ नये, अशी तरतूद १९७१च्या कीटकनाशक नियमांतही आहे. कॅन जाळू मात्र नये.

कृषी सहायकांना सभेत हे दाखवावयाचे असल्यास पॉलिथीनच्या एकाच जाड पिशवीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. एक पाण्यात व दुसरी डिझेलमध्ये आठवडाभर बुडवून ठेवावी. मग दोन्ही साबणाने स्वच्छ धुऊन, पुसून, वेगवेगळ्या काचेच्या बाटल्यांत घट्ट बंद कराव्यात. दुसरे दिवशी झाकणे सभेतच उघडावीत आणि बाटल्या हुंगण्यासाठी फिरवाव्यात.