लोहाच्या गोळ्यांनी बाळ काळे होते का?

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्यांनी संडास काळी होते. बाळही काळे होईल, असे शेजारणी म्हणतात. गोळ्या थांबवाव्यात का?
– एक सासूबाई, अकोट

उत्तर : शरीरात न शोषल्या गेलेल्या लोहामुळे शौचाचा रंग काळा होतो, बाळाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस ती घ्यायची असते. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्यावी. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांपासून दोन तासांचे अंतर हवे. अंबाडीची भाजी, वर लिंबू, हे उत्तमच. पण गरोदरपणाची गरज एकट्या भाजीने भागत नाही. हिमोग्लोबिन 11 पेक्षा कमी असल्यास मात्रा डॉक्टर ठरवतात. 7 पेक्षा कमी असल्यास रुग्णालय गाठावे. मेळघाटाच्या पट्ट्यात सिकलसेलही आढळतो, त्यामुळे ती तपासणी करून घ्यावी.