व्यसनमुक्तीचा खर्च आणि आपली विमा पॉलिसी



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक भगिनी फाटकापाशी थांबल्या होत्या. सगळे पांगल्यावर त्यांनी पिशवीतून मेडिक्लेमची फाईल काढली. नवऱ्याची दारू सोडवण्यासाठी त्याला हॉस्पिटलात दाखल करायचे होते. तीन वर्षे हप्ते न चुकता भरले होते. "ह्यातून खर्च निघेल ना?" त्यांनी विचारले. आम्ही दोघांनी फाईल उघडली. अर्जात प्रश्न होता, मद्यपान करता का? उत्तराच्या चौकटीत 'नाही' अशी खूण होती. त्या म्हणाल्या, "एजंट बोलला, असंच लिहायचं. आणि तसंही आम्ही सगळ्यांना हेच सांगत होतो."

अशी फाईल आपल्या धर्मग्रामात एकाच घरी असेल असे वाटत नाही. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

१. कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजाराच्या व्याख्येत या कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचाही समावेश केला आहे. म्हणजेच कायद्याच्या नजरेत व्यसन हा आजार आहे. तो वाईट चालीचा दाखला नाही. कलम २१(४) नुसार शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारालाही मिळायला हवा. विमा नियामक मंडळाने १६ ऑगस्ट २०१८ रोजी सर्व कंपन्यांना तसे कळवले. मानसिक आजाराचा क्लेम नाकारणाऱ्या एका कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. तो खटला व्यसनाचा नव्हता, पण त्यात हेच कलम महत्त्वाचे ठरले.

२. मग घोडे अडते कुठे?

नियामक मंडळाने २०१९ मध्ये पॉलिसीतून वगळता येणाऱ्या बाबींची एक प्रमाण यादी केली. तिच्यातल्या बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनावरचा उपचार आणि त्या व्यसनाचे परिणाम येतात. कायदा एका हाताने देतो आणि ही अट दुसऱ्या हाताने काढून घेते. तिच्या आधारे व्यसनमुक्तीचाच नव्हे, तर दारूमुळे झालेल्या लिव्हरच्या आजाराचा क्लेमही नाकारला जातो. मात्र ही अट घातलीच पाहिजे अशी सक्ती कंपन्यांवर नाही. पॉलिसी-पॉलिसीत फरक असतो. नोकरीच्या ठिकाणच्या गटविम्याच्या अटी तर अनेकदा वेगळ्याच असतात.

म्हणून पॉलिसीच्या अटींच्या पुस्तकात तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली, वगळलेल्या बाबींत बारावा क्रमांक आहे का?

दुसरी, पाचवा क्रमांक आहे का? विश्रांती आणि पुनर्वसनासाठीचा मुक्काम त्यात वगळलेला असतो.

तिसरी, 'हॉस्पिटल' कशाला म्हटले आहे? नोंदणी नसलेल्या ठिकाणी साधारणतः दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० आणि मोठ्या शहरात १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर व नर्स, ऑपरेशन थिएटर आणि रोजच्या नोंदी लागतात. आपली बरीच व्यसनमुक्ती केंद्रे उत्तम काम करतात, पण या व्याख्येत बसत नाहीत.

३. 'नाही' या खुणेची किंमत

अर्जातली माहिती हा विम्याच्या कराराचा पाया असतो. दारूचे व्यसन लपवून घेतलेल्या पॉलिसीचा क्लेम नाकारणे योग्यच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात दिला. सलग ६० महिने हप्ते भरल्यावर न सांगितलेल्या आजाराचे कारण काढून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, असा नियम २०२४ पासून आहे. पण फसवणूक सिद्ध झाली तर त्याचे संरक्षण मिळत नाही, आणि पॉलिसीतच वगळलेली बाब वगळलेलीच राहते.

अर्ज एजंटने भरला तरी सही आपली असते. खरे लिहिल्यास हप्ता वाढेल, काही काळ थांबावे लागेल. आधीपासूनच्या आजारासाठी ही मुदत आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. कदाचित कंपनी नकारही देईल. पण तो नकार आज कळतो, आयसीयूच्या दारात नव्हे. पूर्वी चुकीचे लिहिले गेले असेल, तर कंपनीला स्वतःहून लेखी कळवावे. आणि हॉस्पिटलच्या कागदावरून 'मद्यपान' हा शब्द गाळा, अशी गळ डॉक्टरांना कधीही घालू नये. त्या शब्दावर पुढचे औषध ठरत असते.

४. दाखल करण्यापूर्वी

अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने घरी एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे असते. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. पुढचा समुपदेशनाचा आणि पुनर्वसनाचा टप्पा वेगळा असतो. विमा मिळालाच तर बहुधा पहिल्या टप्प्याला मिळतो. म्हणून दोन्ही टप्प्यांची बिले वेगवेगळी घ्यावीत. मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी व निदान लेखी घ्यावे आणि कंपनीला आधीच लेखी विचारावे. फोनवरचे 'हो' पुढे कामाला येत नाही.

कामाच्या ठिकाणी कळेल या भीतीने पुष्कळ जण गटविमा वापरतच नाहीत. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांवर याच कायद्याच्या कलम २३ ने बंधनकारक आहे, हे त्यांना सांगावे.

५. क्लेम नाकारला तर

नकार लेखी मागावा; कोणत्या अटीखाली नाकारला हे त्यात असले पाहिजे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि त्यात कलम २१(४) चा उल्लेख करावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही. मुंबईत आणि पुण्यातही त्यांचे कार्यालय आहे. नियामक मंडळाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे. बाराव्या क्रमांकाची अट असताना निकाल आपल्याच बाजूने लागेल अशी खात्री कोणी देऊ नये. पण न विचारता घरी बसण्याचेही कारण नाही.

६. विमा नसला तरी

विम्याची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. सरकारी हॉस्पिटलातल्या मनोविकार विभागात हा उपचार अत्यल्प खर्चात होतो. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजनेत आपला आजार व ते हॉस्पिटल बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांची माहिती मिळते. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या चर्चमधून सुरू केलेले 'कृपा फाऊंडेशन' आणि पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेले 'मुक्तांगण' ही नावे आपल्या परिचयाची आहेत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना तर फी नसतेच. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात.

त्या भगिनींचा क्लेम नाकारला गेला. त्यांनी तक्रार केली आहे. निकाल यायचा आहे. नवऱ्याचे पहिले दिवस सरकारी हॉस्पिटलात गेले आणि आता तो दर आठवड्याला सभेला जातो. त्या परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "पैसे मिळतील तेव्हा मिळतील. पण त्या दिवशी खिडकीवरच्या नर्सने विचारलं, दारू पितात का? आणि मी पहिल्यांदा 'हो' म्हटलं."

बंधुभगिनींनो, उपचाराची सुरुवात आणि विम्याची सुरुवात एकाच उत्तराने होते. ते उत्तर लाजेपायी चुकवू नका. आज घरी गेल्यावर आपली पॉलिसी कपाटातून काढा आणि वाचा.

लहान समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पॉलिसीत वर सांगितलेल्या तीन गोष्टी कशा लिहिल्या आहेत?

२. विम्याच्या अर्जातील कोणती माहिती आपण लपवली आहे? का?

३. आपल्या वाडीतील एखादे कुटुंब व्यसनाशी झुंजत असेल, तर कागदपत्रांच्या कामात त्यांच्याबरोबर कोण जाईल?