आभासी दर्शनाचे यंत्र प्रथम वापरताना

प्रश्न : मुलाने ‘मेटा क्वेस्ट ३’ हे आभासी दर्शनाचे यंत्र आणले आहे. मला चष्मा आहे. अंगणात बसून ते लावून पाहावे काय?
– एक वाचक, लोणी देवकर (ता. इंदापूर)

उत्तर : बेलाशक पाहावे, मात्र अंगणात नव्हे, कारण भिंगांवर पडलेले प्रखर ऊन आतील पडद्यावर एकवटून त्यास कायमचा डाग पाडू शकते. सुमारे ५१५ ग्रॅम वजनाचे हे यंत्र संगणकावाचून चालत असल्याने, माजघरात खुर्चीवर बसून, भिंगांमधील अंतर आपल्या बाहुल्यांशी जुळवून आणि चष्म्याची काच भिंगास घासणार नाही अशी तजवीज करून ते लावावे. दृष्टी गतीची साक्ष देते, अंतर्कर्ण स्थैर्याची; या विसंवादातून मळमळ उद्भवताच यंत्र तत्काळ उतरवावे. दहा वर्षांखालील बालकांच्या हाती ते देऊ नये, अशी निर्मात्यांचीच ताकीद आहे.