लाल डोळा म्हणजे 'डोळे आले'च असं नाही

वर्षा-दीड वर्षाने माझा उजवा डोळा लाल होतो आणि होस्टेलवर 'डोळे आले, लांब राहा रे!' सुरू होतं. डोळे आले की चिकट घाण येते, साथ पसरते. माझा आजार युव्हायटिस. तो कोणालाही लागत नाही (रूममेटने नोंद घ्यावी). यात बुबुळाभोवती लाली येते, आतून ठणकतं, ट्यूबलाइटसुद्धा सहन होत नाही.

बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सुजतो. तो मागच्या भिंगाला चिकटला तर नजरेला कायमचा धोका, म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब देतात आणि सूज उतरवायला स्टिरॉइडचे. हे आधी तासातासाला, मग हळूहळू कमी. दुखणं लवकर थांबतं, पण थेंब एकदम बंद केले तर सूज उलटते. बाहुली मोठी असेपर्यंत जवळचं धूसर दिसतं, ड्रॉइंगच्या शीटवरची रेघ दिसत नाही. (सर, खरंच!)

मेडिकलमधून आपल्या मनाने स्टिरॉइडचे थेंब मात्र आणू नयेत. लाली हर्पिसची असेल तर जखम चिघळते. नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे. सकाळी कंबर आखडत असेल तर तेही सांगावे. डोळा आणि कंबर, दोन्हींचा संबंध असू शकतो. त्यासाठी एचएलए-बी २७ ही रक्ततपासणी करतात.