ग्रुपात हजार, बोलायला चार

पनवेलजवळच्या गव्हाण फाट्यावर सकाळी दहा मिनिटं उभं राहिलं तरी एमएच ४६ पाटीचे इतके ट्रेलर समोरून जातात की मोजणाऱ्याने नाद सोडावा. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ साली सुरू झालं आणि आसपासच्या गावांत कंटेनर यार्ड उभी राहिली. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकललाही हिरवा झेंडा मिळाला. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. भातशेती, मिठागरं आणि खाडीवर जगणाऱ्या या पट्ट्यात आता एका घरात ट्रान्सपोर्टवाला, दुसऱ्यात कस्टम क्लिअरिंगचं काम करणारा, तिसऱ्यात सिव्हिल ठेकेदार आणि चौथ्यात नुकती सीए झालेली मुलगी असते. सगळे एकमेकांना लग्नात, हळदीत भेटतात. कोण नेमकं काय काम करतो, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.

म्हणूनच या परिसरातल्या काही तरुणांनी व्यावसायिकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तेव्हा त्याचं स्वागतच झालं. हेतू साधा होता. काम आपल्यातल्या माणसाकडे जावं आणि अडलेल्याला माहीतगार भेटावा. हा मजकूर लिहिणारा त्या ग्रुपातला एक साधा सदस्य. ग्रुपचं नाव इथे देण्याचं कारण नाही. त्याची जी गत झाली तीच पनवेलपासून पुण्यापर्यंत असंख्य ग्रुपांची होते.

पहिला आठवडा धूमधडाक्यात गेला. प्रत्येकाने आपलं व्हिजिटिंग कार्ड टाकलं आणि बाकीच्यांनी त्याखाली अंगठे उमटवले. दुसऱ्या आठवड्यात सुप्रभात आलं, तिसऱ्यात वाढदिवस. महिन्याभरात कुणीतरी राजकीय व्हिडिओ टाकला, दोन गट पडले, चार जण बाहेर गेले आणि ते परत यावेत म्हणून अ‍ॅडमिनला घरोघरी चहा घ्यावा लागला. कामाचा प्रश्न म्हणावा असा एकही मेसेज तोवर आला नव्हता.

मग अ‍ॅडमिन मंडळींनी उपाय सुरू केले. आधी नियमांची लांबलचक यादी आली. तिनेही काही होईना, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ साली दिलेली ‘फक्त अ‍ॅडमिनच मेसेज पाठवू शकतील’ ही सोय वापरली गेली. ग्रुप स्वच्छ झाला आणि त्याच क्षणी त्याचा नोटीस बोर्ड झाला. पुढे सेटिंग बदलून सर्वांना बोलायला मोकळीक दिली, पण गप्प बसायची सवय एव्हाना लागली होती. शेवटी ‘जे सदस्य सक्रिय नाहीत त्यांना काढून टाकण्यात येईल’ अशी तंबी आली. त्या संध्याकाळी पन्नासेक जणांनी नमस्काराचे हात पाठवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शांतता.

या सगळ्याच्या मधे एक प्रसंग घडला. मेसेज एका ओळीचा होता, म्हणून बहुतेकांच्या लक्षातही राहिला नसेल. एका क्लिअरिंग एजंटाकडे नुकतीच लागलेली मुलगी फॉर्म १३विषयी काहीतरी विचारत होती. निर्यातीचा कंटेनर बंदराच्या गेटमधून आत न्यायला तो लागतो आणि त्यात चूक झाली की गाडी रांगेतच अडकते. तिला उत्तर आलं, ‘मॅडम, गुगल करा.’ त्याखाली तीन जणांच्या हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तिने पुन्हा कधी काही विचारलं नाही, यात नवल नाही. पण ज्यांना उत्तर येत होतं त्यांनीही त्यानंतर तोंड उघडलं नाही. ग्रुप गप्प होतो तो आळसामुळे, असं अ‍ॅडमिनला वाटतं. माझ्या मते निम्म्या वेळा तो भीतीने गप्प होतो. शेठ लोकांसमोर अडाणी दिसण्याची भीती, इंग्रजी चुकण्याची भीती. बायकांच्या बाबतीत आणखी एक: ग्रुपात नंबर सगळ्यांना दिसतो आणि रात्री अकराला एखाद्या अनोळखी ‘हाय’ला तोंड द्यावं लागतं.

गप्प बसण्याचं दुसरं कारण मात्र माणसाच्या स्वभावातच आहे. माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला होता. ते आकडे १९१३ साली छापून आले. आठ जणांनी मिळून दोर ओढला तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढताना लावलेल्या जोराच्या जेमतेम निम्मा भरला. थोडी तूट सगळ्यांचा ओढण्याचा क्षण न जुळल्यामुळे, पण थोडी ‘बाकीचे ओढतायत ना’ या भावनेमुळे. अमेरिकेत बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली टाळ्या आणि आरोळ्यांवर हाच प्रयोग केला, निष्कर्ष तोच. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं की हा ढिलेपणा जवळजवळ नाहीसा होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात आज १०२४ माणसं मावतात. दोराला इतके हात लागल्यावर कोण कशाला ओढेल?

वेबसाइटचे जाणकार याकोब निल्सन यांनी २००६ साली ढोबळ हिशेब मांडला होता की, ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद जण नुसतं वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एक जण सतत लिहीत असतो. हे वाचून बरेच अ‍ॅडमिन सुस्कारा सोडतात, ‘म्हणजे आपलंच असं नाही तर!’ खरंय. पण तो एक कोण, हे पाहायला हवं. आमच्या ग्रुपातला तो एक म्हणजे विमा विकणारा गृहस्थ होता.

आता याच गावांची दुसरी बाजू. सिडकोने नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन घेतली, त्यात हा पट्टा आला. शेजारच्या जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये इथे शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. १६ आणि १७ तारखेच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली, ती त्या लढ्यामुळे. तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हता. आणि अगदी अलीकडे, विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून १० जून २०२१ला मानवी साखळी झाली आणि २४ जूनला सिडको भवनाला घेराव, तेही करोनाच्या दिवसांत. ज्यांना ग्रुपात एक ओळ लिहायचा कंटाळा येतो, त्यांच्याच गावांतली माणसं रस्त्यावर हातात हात घालून उभी होती.

जमिनीचा आणि अस्मितेचा प्रश्न एकीकडे आणि मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचा प्रश्न दुसरीकडे, हे मान्यच. तरी साखळीत आणि दोरात एक फरक आहे आणि तो ग्रुप चालवणाऱ्याच्या कामाचा आहे. साखळीत प्रत्येकाला जागा असते. माणूस आला नाही तर तिथे फट दिसते. दोराला मागून कुणी नुसता हात लावून उभं राहिलं तर कळतही नाही.

आपली जागा दिसली की माणूस पुढे येतो, हे प्रयोगातही दिसलं आहे. मूव्हीलेन्स नावाची एक वेबसाइट आहे, लोक तिथे चित्रपटांना गुण देतात. अमेरिकी संशोधकांनी तिथल्या सदस्यांवर प्रयोग करून २००४ साली निष्कर्ष मांडले. तुमच्याकडे आहे ती माहिती इतरांकडे नाही, असं ज्यांच्या लक्षात आणून दिलं त्यांनी जास्त गुण नोंदवले. नेमकं उद्दिष्ट दिलेल्यांनीही ‘जमेल तेवढं करा’ सांगितलेल्यांपेक्षा जास्त काम केलं. इव्हान मिस्नर यांनी १९८५ साली सुरू केलेली बीएनआय ही संस्था याच तत्त्वावर चालते. एका शाखेत एका व्यवसायाचा एकच माणूस, त्यामुळे प्लंबर आला नाही तर त्या दिवशी प्लंबरच नाही. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी उभ्या केलेल्या सॅटर्डे क्लबचाही पाया ओळखीच्या माणसाने ओळखीच्याला काम देण्याचा. या संस्थांची शिस्त, फी आणि टायचा रुबाब गव्हाणमध्ये चालेलच असं नाही. तत्त्व मात्र चालतं.

त्याहून जवळचं उदाहरण शेतकऱ्यांचं आहे. सांगली भागातून वाढलेल्या ‘होय आम्ही शेतकरी’ या समूहात शेतकरी आणि अभ्यासक एकत्र आहेत. कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले त्यांतलेच. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा २०१८ साली कर्नाटकात सापडली आणि काही महिन्यांत महाराष्ट्रात पोचली. राज्यात उसावरही ती आढळल्याचा शोधनिबंध चोरमुले आणि सहकाऱ्यांनी लिहिला. अशा समूहात प्रश्न विचारायला भाषाप्रभुत्व लागत नाही. पानाचा फोटो, पिकाचं वय, काय फवारलं एवढं पुरतं. उत्तर देणाराही नेमकं बोलतो. व्यावसायिकांच्या ग्रुपात हेच हरवतं. तिथे ‘कुणाला काही मदत लागली तर सांगा’ असा मोघम मेसेज येतो आणि मोघम प्रश्नाला माणूस अंगठाच देतो.

आमच्या ग्रुपाची गाडी थोडी रुळावर आली ती एका निवृत्त गृहस्थांमुळे. बंदराच्या कामात आयुष्य काढलेले हे काका अ‍ॅडमिनही नव्हते. त्यांनी ग्रुपात काही न लिहिता एकेकाला फोन करायला सुरुवात केली. ‘तुला रेफ्रिजरेटेड कंटेनरचं कळतं ना? उद्या एक जण विचारणार आहे, तू उत्तर दे.’ दुसऱ्या दिवशी खरंच प्रश्न आला, नाव घेऊन आला आणि ज्याला विचारला त्याने आगरी ढंगात दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकला. टाइप करायला लाजणारी माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत, हे त्या दिवशी कळलं. काका आणखी एक करत. काम झालं की विचारणाऱ्याला सांगत, ‘झालं म्हणून ग्रुपात लिही, दादाला बरं वाटेल.’ कुणी नवख्याची टिंगल केली तर ग्रुपात भांडत नसत. त्याला वेगळा फोन जाई आणि काय बोलणं होई ते त्या दोघांनाच माहीत.

पुढे महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटायचं ठरलं. चहा, वडापाव आणि एकाच विषयावर तासभर बोलणं, बस. कधी विषय रिकामा कंटेनर वेळेत यार्डात न पोचल्याने लागणाऱ्या डिटेन्शनचा, कधी जीएसटीचा. आश्चर्य म्हणजे ज्या महिन्यात भेट होते, त्यानंतरचे काही दिवस ग्रुपही जागा असतो. वाढदिवसांसाठी वेगळा ग्रुप काढला. तो मूळ ग्रुपपेक्षा जास्त चालतो, पण त्याला इलाज नाही.

अ‍ॅडमिन होणाऱ्यांना कायद्याची धास्ती असते, म्हणूनही ते कुलूप लावतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, अ‍ॅडमिन केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दोषी ठरत नाही. तेव्हा भीतीपोटी अख्खा ग्रुप बंद ठेवण्याचं कारण उरत नाही. आक्षेपार्ह मजकूर काढून टाकायची जबाबदारी मात्र अ‍ॅडमिनने आपण होऊन घ्यावी, महिलांना रात्री-बेरात्री मेसेज करणाऱ्याला तर एकही संधी देऊ नये. नाहीतर ग्रुपातल्या निम्म्या हुशार माणसांना आपण आपल्या हाताने घालवतो.

सदस्यसंख्या वाढवण्याचा सोसही सोडावा. दोनशेचे हजार झाले की काम देणारे वाढत नाहीत, काम मागणारे आणि जाहिराती टाकणारे वाढतात. ट्रान्सपोर्टचा वेगळा, बांधकामाचा वेगळा, हिशेब-कर सल्ल्याचा वेगळा असे चाळीस-पन्नास जणांचे छोटे ग्रुप केले तर प्रत्येकाला आपली जागा दिसते. आणि चांगलं उत्तर आलं की कुणीतरी ते एका कागदावर, वहीत, कुठेही उतरवून ठेवावं. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की उत्तर देणारा कंटाळतो आणि ‘गुगल करा’ची सुरुवात तिथूनच होते.

तुम्ही असा एखादा ग्रुप चालवत असाल तर आज नवा नियम लिहू नका. सदस्यांची यादी उघडा, सहा महिन्यांत एकदाही न बोललेले पाच जण निवडा, त्यांना फोन करा आणि त्यांना कामातलं काय येतं ते विचारून घ्या. पुढचा प्रश्न त्यांचं नाव घेऊन टाका.