नोटरी ऑनलाइन होईल का?

प्रश्न : आमच्या कंपनीच्या गाडीचे आरसी बुक हरवले आहे. संचालक दुबईत आहेत. एक संकेतस्थळ घरबसल्या नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र देते. ते चालेल का?

उत्तर : कृपया त्या वाटेला जाऊ नका. नोटरी कायदा १९५२ चा आहे. प्रतिज्ञापत्र म्हणजे नुसता शिक्का नव्हे. नोटरीने समोरच्या माणसाला शपथ द्यायची, ओळख पटवायची, आपल्यादेखत सही घ्यायची आणि नोंदवहीत नोंद करायची असते. शिक्क्याजवळ नोंदवहीचा अनुक्रमांक असतो, तो जरूर पाहा. तुम्ही कधी पाहिलेच नाही अशा वकिलाचा शिक्का पीडीएफवर उमटून आला, तर उद्या वाद झाल्यावर त्या कागदाला कोण उभे राहणार?

मुळात संचालकांनीच शपथ घ्यावी असे नाही. संचालक मंडळाचा ठराव करून गाडीचे व्यवहार पाहणाऱ्या व्यवस्थापकाला अधिकार द्या. मसुद्यात ‘कंपनीच्या वतीने’ हे शब्द, ठरावाची तारीख, गाडीचा आणि चेसिसचा क्रमांक हवा. चेसिस क्रमांक विमा पॉलिसीवरून अक्षर-अक्षर ताडून घ्या. तिथेच सर्वाधिक चुका होतात. आरसी हरवल्याची माहिती पोलिसांना देऊन त्याची पोच घ्या. दुय्यम आरसीसाठी नमुना २६ लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमतीही.

संचालकांचीच सही हवी असेल, तर दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात प्रत्यक्ष जाऊन ती करता येते.